वाचक विचारतात : पाट्या तीन, भाव एक

इंधनाच्या भावाविषयी आणि विक्रीतील अटींविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, आणि ज्यांच्याविषयी व्यक्तिगत तक्रार आहे त्या पंपांची व कंपन्यांची नावेही गाळली आहेत.

प्रश्न : मी नागपुरात मानेवाड्याला राहतो आणि नोकरीसाठी रोज दुचाकीने बुटीबोरीला जातो. वर्धा मार्गावर तीन वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांचे पंप लागतात. तिन्हीकडे पेट्रोलचा भाव काही पैशांच्या फरकाने एकच असतो. भाव २०१० पासून बाजारावर सोडले आहेत असे सांगितले जाते. मग हे संगनमत नव्हे काय? सामान्य ग्राहकाला त्याविरुद्ध दाद मागता येते काय?

उत्तर : दाद मागता येते. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम १९ नुसार कोणतीही व्यक्ती भारतीय स्पर्धा आयोगाकडे ‘माहिती’ दाखल करू शकते, आणि तिचे स्वतःचे नुकसान झालेले असलेच पाहिजे अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ॲपवरून टॅक्सी पुरवणाऱ्या कंपन्यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अडचण पुढे येते. कायद्याच्या कलम ३ ने मनाई केली आहे ती भाव ठरवण्याच्या कराराला. भाव सारखे असण्याला नाही. हा करार कागदावर असण्याची गरज नसते, तोंडी समजूतही पुरते. पण ती समजूत झाली होती हे कशावरून तरी दिसावे लागते. करार एकदा सिद्ध झाला की त्याने स्पर्धेला बाधा पोचली असे कायदा गृहीत धरतो. करार झालाच असेल असे मात्र तो गृहीत धरत नाही.

पेट्रोलची सरकारी भावनियंत्रणातून २६ जून २०१० रोजी आणि डिझेलची ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटका झाली, आणि १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलण्याची पद्धत सुरू झाली, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तरीही तिन्ही कंपन्यांचा हिशेब एकाच जागेवरून सुरू होतो. आंतरराष्ट्रीय बाजारातील तयार पेट्रोलचा भाव, रुपयाचा विनिमय दर, केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट तिघींनाही सारखाच. शिवाय एकमेकींच्या शुद्धीकरण कारखान्यांतून माल उचलण्याची व्यवस्थाही त्यांच्यात आहे. उरतो तो डेपोपासूनचा वाहतूक खर्च, आणि आपल्याला दिसणारे काही पैसे बहुधा तेच असतात.

विक्रेते मोजके असलेल्या बाजारात सारखा भाव हा पुरावा म्हणून किती तोकडा पडतो, हे इंधनाच्याच शेजारच्या एका प्रकरणात दिसले. इंडियन ऑइलच्या निविदेत १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरसाठी बहुतेक उत्पादकांनी जवळपास सारखे दर भरले, म्हणून आयोगाने २०१२ मध्ये चाळीसहून अधिक उत्पादकांना दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी तो रद्द केला. सिलिंडर घेणारे मुळात तीनच, भाव अखेरीस वाटाघाटीत खरेदीदार ठरवणार, आणि मागचे दर सर्वांना ठाऊक. अशा बाजारात दर आपोआपच एकमेकांजवळ येतात, असे न्यायालयाने मानले. या निकालाने कार्टेलचा, म्हणजे विक्रेत्यांच्या संगनमताचा, आरोप करणाऱ्याचे काम अवघड करून ठेवले आहे, हे खरे. पण तर्क म्हणून तो मला पटतो.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचा रोख संगनमतापेक्षा मालकीकडे हवा. तिन्ही कंपन्यांवर अखेर नियंत्रण केंद्र सरकारचे. हिंदुस्तान पेट्रोलियममधील सरकारी हिस्सा २०१८ मध्ये ओएनजीसी या दुसऱ्या सरकारी तेल कंपनीकडे गेला, तरी मालक बदलला असे कोणी म्हणणार नाही. एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत कच्च्या तेलाचा भाव कितीतरी वर-खाली झाला, पण पंपावरच्या भावात जे बदल झाले ते मुख्यतः करकपातीचे होते. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी उतरवले आणि जुलैमध्ये राज्याने व्हॅट कमी केला. रोज बदलायचा भाव तिघींनी एकाच वेळी जवळपास दोन वर्षे स्थिर ठेवला. त्या काळाच्या आरंभी तोटा सोसून विक्री होत होती, म्हणून ग्राहक गप्प राहिला. खासगी पंपांनी मात्र भाव चढा ठेवला किंवा विक्री आखडती घेतली. प्रतिस्पर्ध्याला घालवण्यासाठी खर्चापेक्षा कमी भावाने विकणे कलम ४ मध्ये बसते, पण ते कलम एका उद्योगाच्या किंवा एका समूहाच्या वर्चस्वाबद्दल बोलते. स्वतंत्र कंपन्यांचे मिळून ‘सामूहिक वर्चस्व’ ही कल्पना आपल्या कायद्यात नाही, असे आयोगाने वारंवार म्हटले आहे. त्यामुळे आपली तक्रार कलम ३ मध्ये पुराव्याअभावी आणि कलम ४ मध्ये व्याख्येअभावी अडते. ही त्रुटी कायद्याची आहे, आणि ती दूर करणे संसदेचे काम आहे.

प्रश्न : आमच्या भागातील एका पंपावर माप कमी मिळते अशी खात्री झाली आहे. स्पर्धा आयोगाकडे जावे काय?

उत्तर : नाही. मापात मारणे हा स्पर्धेचा विषय नसून वैधमापन कायद्याचा आहे, आणि त्याची तक्रार जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र यंत्रणेकडे जाते. तत्पूर्वी पंपावरच पाच लिटरचे प्रमाणित माप मागून घ्यावे. ते ठेवणे आणि ग्राहकाने मागितल्यास मोजून दाखवणे पंपचालकावर बंधनकारक आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य धरला जातो. टाकीच्या क्षमतेपेक्षा जास्त पेट्रोल ‘बसले’ म्हणून केलेला हिशेब पुरावा म्हणून टिकत नाही, कारण पुस्तिकेत छापलेल्या आकड्यापेक्षा टाकीत अधिक मावते.

प्रश्न : उमरेड मार्गावर माझा पंप आहे. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना डिझेलवर सूट आणि उधारी द्यावी लागते, आणि त्यात आम्ही पंपचालक एकमेकांचे गिऱ्हाईक ओढत असतो. यापुढे कोणीही लिटरमागे ठरावीक रकमेहून अधिक सूट देऊ नये, असा ठराव आमच्या बैठकीत करण्याचे घाटत आहे. दुसरीकडे, करारानुसार मला माझ्या कंपनीचाच माल घ्यावा लागतो. हा ठराव कायदेशीर ठरेल काय, आणि कंपनीची ही सक्ती बेकायदेशीर नाही काय?

उत्तर : दोन्ही उत्तरे आपल्याला नकोशी वाटतील.

सूट किती द्यावी हे प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ठरवणे म्हणजे भाव ठरवणेच होय, आणि कलम ३ च्या पोटकलम ३ मध्ये ते सरळ बसते. बैठक संघटनेच्या नावाने झाली, इतिवृत्तात ‘आरोग्यदायी व्यापारासाठी’ असे लिहिले, हात वर करून ठराव केला, यांपैकी कशानेही बचाव होत नाही. उलट इतिवृत्त हाच पुरावा बनतो. शिक्षेचे प्रमाण पाहा. कार्टेलसाठी दंड, करार जितकी वर्षे चालला त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यांपैकी जो जास्त असेल तो. इतर धंद्यांत १० टक्के उलाढाल ही जड पण पेलण्याजोगी रक्कम असेल; पंपाच्या धंद्यात उलाढाल कोटींची आणि कमिशन विक्री किमतीच्या पाच टक्क्यांच्याही आत, तेव्हा एका वर्षाचा दंड एका वर्षाच्या संपूर्ण कमिशनच्या दुपटीहून अधिक होऊ शकतो. आयोग नेहमीच कमाल दंड लावतो असे नाही. पण ती जोखीम एका ठरावासाठी घ्यावी, इतका हा ठराव मोलाचा नाही.

इंधनखर्च वाढला हे कारणही उपयोगी पडत नाही. विमानाने जाणाऱ्या मालावरील ‘इंधन अधिभार’ तीन विमान कंपन्यांनी संगनमताने ठरवला, असा निष्कर्ष काढून आयोगाने मार्च २०१८ मध्ये त्यांना मिळून ५४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता. इंधन स्वस्त झाल्यावरही अधिभार उतरत नव्हता, हे त्यात महत्त्वाचे ठरले. ट्रान्सपोर्टवाल्यांनी एकत्र बसून डिझेल अधिभार ठरवला तर त्यांनाही हाच नियम लागेल.

बैठक अजून व्हायची असेल तर जाऊ नये. विषय ऐनवेळी निघाला तर विरोध नोंदवून उठून यावे, आणि आपण किती वाजता उठलो तेही लिहून घ्यावे. ठराव झालेला असून आपण त्यात असाल, तर कलम ४६ पाहावे : सर्वांत आधी येऊन आयोगाला महत्त्वाची माहिती देणाऱ्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो, दुसऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत आणि तिसऱ्याला ३० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. मित्रांविरुद्ध माहिती देण्याचा सल्ला पंपचालकाला देणे मला सुखाचे नाही. पण कायद्याने ही शर्यत मुद्दाम लावून ठेवली आहे आणि त्यात दुसरा येणारा अर्धाच सुटतो.

आता आपल्या दुसऱ्या मुद्द्याकडे. एकाच कंपनीचा माल घेण्याची अट हा ‘उभा’, म्हणजे पुरवठादार आणि विक्रेता यांच्यातला, करार आहे आणि तो कलम ३ च्या पोटकलम ४ मध्ये येतो, जिथे बाधा गृहीत धरली जात नाही, ती दाखवावी लागते. टाक्या, यंत्रे आणि पाटी कंपनीची असेल, मालाच्या शुद्धतेची जबाबदारीही तिच्याकडे असेल, आणि रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचा पंप उभा असेल, तर या अटीने ग्राहकाची निवड संपली असे म्हणणे कठीण जाते. एकाच टाकीत दोन कंपन्यांचा माल पडला आणि भेसळ निघाली, तर दोषी कोण हे सांगता येणार नाही, हा युक्तिवाद आपणही नाकारणार नाही. टाक्यांचे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. सुरक्षिततेच्या नियमांनी येथे नवा पंप उभारणे किती वेळखाऊ होते, हे आपण स्वतः अनुभवलेले असेल. प्रवेशातला हा अडथळा आयोग विचारात घेऊ शकतो, पण तो कंपनीने उभा केलेला नाही.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझा बॉयलरवर चालणारा लहान कारखाना आहे. कोळसा कंपन्यांना स्पर्धा कायदा लागू होतो असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्याचे वाचले. हा खटला काय होता, आणि माझ्यासारख्याला त्याचा उपयोग काय?

उत्तर : इंधन म्हटले की पेट्रोल पंपच डोळ्यांपुढे येतो, विदर्भात मात्र इंधनाच्या स्पर्धेतला सर्वांत मोठा वाद कोळशावरून झाला. तक्रारदारांत महानिर्मिती ही राज्य सरकारची वीजनिर्मिती कंपनी होती, जिची कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रे शहराच्या वेशीवर आहेत. प्रतिवादींत कोल इंडियाबरोबर तिची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स होती, जिचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. म्हणजे खाण इथली, भट्टी इथली आणि भांडण दिल्लीत.

भांडण केवळ भावाचे नव्हते. इंधन पुरवठा कराराच्या अटी एका बाजूनेच लिहिलेल्या होत्या. घेणाऱ्याला सही करण्यावाचून पर्याय नव्हता, कारण देशात विकत घ्यावा असा कोळसा मुख्यतः एकाच घरात होता. कोळशाची प्रत कोठे तपासायची, नमुना कोणी काढायचा, दगड आल्यास भरपाई कशी द्यायची, या गोष्टींवर ग्राहकाचा हात पोचत नव्हता. जानेवारी २०१२ पासून कोळशाची प्रत उष्मांकावर ठरते आणि तिच्या जी-१ पासून जी-१७ पर्यंत उतरत्या १७ श्रेणी आहेत. जी-१० म्हणून बिल आले आणि माल जी-११ निघाला, तर किलोमागे साधारण ३०० किलोकॅलरी उष्णता कमी मिळते, आणि तेवढी वाफ काढण्यासाठी जास्त कोळसा जाळावा लागतो. भाव एक पैशाने न वाढवता इंधन महाग करण्याची ही रीत आहे, आणि म्हणूनच मला हा खटला पेट्रोलच्या पाट्यांपेक्षा अधिक शिकवणारा वाटतो.

आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये कोल इंडियाला वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल १,७७३.०५ कोटी रुपये दंड केला. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा भंग झाल्याच्या कारणावरून अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवले. आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन मार्च २०१७ मध्ये पुन्हा दोषी ठरवले, दंड मात्र ५९१.०१ कोटींवर आणला. आम्ही राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने निर्माण झालेली मक्तेदारी आहोत, सार्वजनिक हितासाठी कोळसा वाटतो, तेव्हा व्यापाऱ्याचा कायदा आम्हाला कसा लावता, हा कोल इंडियाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२३ रोजी फेटाळला. मक्तेदारी असणे गुन्हा नाही. पण मक्तेदाराने अन्याय्य अटी लादल्या तर मालक सरकार आहे म्हणून तो सुटत नाही, असा त्याचा मथितार्थ.

बातम्यांत दंडाचे आकडे झळकले. घेणाऱ्याच्या कामाची गोष्ट आदेशाच्या दुसऱ्या भागात होती : कराराच्या अटी संबंधितांशी बोलून बदला, नमुना तपासणीची पद्धत न्याय्य करा, जुन्या-नव्या आणि सरकारी-खासगी ग्राहकांत भेद ठेवू नका. पुढे वीज कंपन्यांच्या मालासाठी त्रयस्थ संस्थेकडून नमुना तपासण्याची पद्धत रुळली. कलम २७ मध्ये आयोगाला मिळालेल्या अधिकारांत करार बदलायला लावण्याचा हा अधिकार मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण दंड एकदाच भरला जातो, अट मात्र प्रत्येक बिलात परत येते.

आपल्यासाठी आधी पाहण्याची गोष्ट अशी की आपला विक्रेता नेमका कोण आहे. वर्षाला १०,००० टनांपर्यंत गरज असलेल्या लहान ग्राहकांना कोळसा सहसा राज्याने नेमलेल्या संस्थेमार्फत मिळतो. मग आपला करार त्या संस्थेशी असतो, खाण कंपनीशी नव्हे, आणि तक्रारीचा रोखही त्यानुसार ठरतो. लिलावातून माल घेत असाल तर लिलावाच्या अटी वाचाव्यात. माल भरताना संयुक्त नमुना घेण्याची लेखी मागणी करावी. ती नाकारल्याचे पत्र, आपल्याच प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा आयोगापुढे अधिक बोलके ठरते. तक्रारीचे कारण घडल्यापासून तीन वर्षांत माहिती दाखल करावी लागते, ही २०२३ च्या दुरुस्तीने आलेली मुदत विसरू नये. जून २०२० पासून व्यापारी खाणकामासाठी खाणींचे लिलाव सुरू झाले आहेत; जवळपास दुसरा विक्रेता उभा राहिला, तर आपले निम्मे प्रश्न आयोगाकडे न जाताच सुटतील.

प्रश्न : मी जरीपटक्यात ऑटो चालवतो. शहरात सीएनजी महाग पडतो. दुसऱ्या कंपनीला का येऊ देत नाहीत?

उत्तर : कारण शहरातील गॅस वितरणात काही काळाची मक्तेदारी कायद्यानेच दिलेली असते. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ, २००६ च्या कायद्याखाली, ठरावीक क्षेत्र बोलीतून एका कंपनीला देते. तिने नळांचे जाळे टाकावे म्हणून काही वर्षे विक्रीचा अनन्य अधिकार मिळतो. ती मुदत संपल्यावर जाळे इतरांसाठी खुले करण्याचा अधिकार मंडळाकडे आहे. नागपुरात बराच काळ गॅस नळाने न येता द्रवरूपात टँकरने येत राहिला, आणि त्या वाहतुकीचा भार भावात उतरला. केवळ भाव चढा आहे म्हणून आयोग सहसा हात घालत नाही. अटी अन्याय्य असतील तर घालतो : फरिदाबादच्या उद्योजकांच्या संघटनेने एका शहर गॅस कंपनीच्या एकतर्फी करारांविरुद्ध तक्रार केली, तेव्हा आयोगाने २०१४ मध्ये २५.६७ कोटी रुपये दंड करून अटी बदलायला लावल्या. अपिलात दंड घटला, दोष कायम राहिला. आपल्या बाबतीत पहिले दार नियामक मंडळाचे आहे, कारण क्षेत्राचा नियामक असताना त्याच्या अखत्यारीतील मुद्दे आधी त्याने ठरवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दूरसंचार क्षेत्रातील एका प्रकरणात म्हटले आहे. एकट्याने न लिहिता ऑटोचालकांच्या संघटनेमार्फत लिहावे.

प्रश्न : मी विधीची विद्यार्थिनी आहे, धंतोलीला राहते. आयोगाने लावलेला दंड ग्राहकांना मिळतो काय? इंधनाच्या बाबतीत इतर देशांत कोणते उपाय योजतात?

उत्तर : दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, ग्राहकाला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. भरपाईसाठी कलम ५३-एन आहे. आयोगाचा किंवा अपिलाचा निष्कर्ष आल्यावर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि अनेकांचे नुकसान सारखे असेल तर एकाने सर्वांच्या वतीने तो करता येतो. दिवाणी न्यायालयाचा रस्ता कलम ६१ ने बंद आहे. ज्याच्या नुकसानीचा आकडा लिटरमागे पैशांत आहे तो या वाटेने जाणार नाही, हे उघड आहे. कोळसा घेणारा कारखानदार जाऊ शकेल.

इंधनाच्या व्यापारातील सर्वांत गाजलेला उपाय अमेरिकेचा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइल ही कंपनी ३४ तुकड्यांत विभागायला लावली. त्यांपैकी न्यू जर्सीच्या तुकड्याची वंशज एक्सॉन आणि न्यूयॉर्कच्या तुकड्याची वंशज मोबिल १९९९ मध्ये पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा तेथील व्यापार आयोगाने २,४३१ पंप विकून टाकण्याची अट घातली. गंमत अशी की न्यू जर्सीच्या त्याच तुकड्याचा भारतातील धंदा, एस्सो, १९७४ मध्ये राष्ट्रीयीकृत होऊन हिंदुस्तान पेट्रोलियमचा पाया झाला. वर्धा मार्गावरील एका पाटीचे मूळ तिथपर्यंत जाते. विभाजनाची तरतूद आपल्या कायद्यातही कलम २८ मध्ये आहे, पण तिच्याखाली एखादी इंधन कंपनी विभागली गेलेली नाही.

तुकडे न करता माहिती खुली करणे हा दुसरा उपाय. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००१ पासून प्रत्येक पंपाने उद्याचा भाव आज दुपारी दोनपर्यंत सरकारला कळवायचा आणि सकाळी सहापासून चोवीस तास तो बदलायचा नाही, असा नियम आहे; जर्मनीत २०१३ पासून पंपांना प्रत्येक भावबदल स्पर्धा नियामकाच्या कक्षाला तत्काळ कळवावा लागतो आणि तो ग्राहकांना मोबाइलवर दिसतो. नागपुरात अशी व्यवस्था आज केली तर पडद्यावर तीन ओळींत जवळपास एकच आकडा उमटेल. आपल्याकडे विक्रेते वाढवण्याचा प्रयत्न नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला : तोवर पंप काढण्यासाठी तेल क्षेत्रात २,००० कोटींच्या गुंतवणुकीची अट होती, ती जाऊन २५० कोटींचे निव्वळ मूल्य आणि किमान १०० पंप, त्यांतले ५ टक्के दुर्गम भागात, एवढ्यावर किरकोळ विक्रीचा परवाना मिळू लागला. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर या बदलानंतर विदर्भातील किती तालुक्यांत खासगी पंप आला आणि तेथे शेजारच्या सरकारी पंपाचा भाव हलला की नाही, हे मोजून पाहावे.